कुलूप लावण्याआधीचा हिशेब



केमचा आमचा कुंकवाचा कारखाना ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाला. 'कारखाना' हा शब्द तिथं काम करणाऱ्या बायकांचाच. बाहेरून आलेल्याला एक पत्र्याची शेड, एक दळणाचं यंत्र, चार चाळण्या आणि ताडपत्र्यांची चळत एवढंच दिसायचं. बारा बायकांनी १९९८ मध्ये तो सुरू केला तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर होते. हिशेब लिहिणं, बँकेची कामं, दुकानदारांशी बोलणी हे माझ्याकडे. मी गटाची सभासद नव्हते, नफ्यात माझा वाटा नव्हता. पण सव्वीस वर्षं दर आठवड्याला करमाळ्याहून एसटीनं केमला जाणारी बाई त्या शेडला परकी राहत नाही, एवढं तुम्ही समजून घ्याल.

या पानावर एरवी एखादा कायदा, एखादा खटला, एखादा मोर्चा असतो. यावेळी एका बंद झालेल्या शेडबद्दल लिहिते आहे, कारण आपण चळवळीत सुरुवातींबद्दल खूप बोललो आणि शेवटांबद्दल जवळजवळ काहीच बोललो नाही. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ही लिज्जतची गोष्ट प्रत्येक बचत गटाच्या शिबिरात सांगितली जाते. सांगावी, गोष्ट खरी आहे आणि उभारी देणारी आहे. पण ज्यांचं लिज्जत झालं नाही त्या गटांचं पुढं काय झालं? यंत्र कोणाच्या घरी गेलं, खात्यातली शिल्लक कोणी उचलली, पंधरा वर्षं राबलेली बाई घरी जाताना काय घेऊन गेली? हे विचारायला कोणी जात नाही. उद्घाटनाचे फोटो असतात, कुलूप लावतानाचे नसतात.

करमाळा तालुक्याबाहेरच्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. केम हे दौंड-सोलापूर लोहमार्गावरचं गाव, उत्तरेश्वराच्या देवळाचं आणि कुंकवाचं. पंढरपूर-तुळजापूरच्या दुकानांतून केमचं कुंकू विकलं जातं. आमच्या बायका त्यातल्याच कारखान्यांत रोजानं गेलेल्या, काम त्यांना येत होतं. ड्वाक्रा योजना तेव्हा शेवटच्या दिवसांत होती (१९९९ मध्ये ती स्वर्णजयंती योजनेत विरघळली), तिच्यातून त्यांनी गट केला. हळकुंडांची भरड लिंबाच्या रसात आणि टाकणखारात भिजवायची, म्हणजे पिवळ्याचा लाल होतो. मग सावलीत सुकवायची, दळायची, वस्त्रगाळ करायची, शेवटी तिळाच्या तेलाचा हात द्यायचा. स्टार्चमध्ये रंग कालवून केलेलं कुंकू याच्या कितीतरी स्वस्त पडतं. ते आमच्या बायकांनी करायचं नाही असं पहिल्याच बैठकीत ठरवलं होतं. कपाळाला खाज सुटते, पुरळ उठतं, हे त्यांना रोजानं काम करतानाच कळलेलं.

या हट्टाची किंमत शेवटी आम्ही मोजली. टिकलीनं गिऱ्हाईक आधीच कमी केलं होतं. १७ मार्च २०२० ला पंढरपूरचं देऊळ बंद झालं, आणि पुढची दीड वर्षं देवळं कधी उघडी तर बहुतेक वेळ बंद. वारी नाही म्हणजे वारकरी नाही, आणि वारकरी नाही म्हणजे कुंकवाची पुडी कोण घेणार? त्या काळात बायकांनी कित्येक महिने बिनमजुरीनं येऊन पडलेला माल पुन्हा पुन्हा वाळवला, चाळला, जपला. त्यातून उठतो न उठतो तोच २०२३ मध्ये हळदीचे भाव दुपटीच्या वर गेले. शेतकऱ्याला चार पैसे मिळाले, आनंदच आहे. पण आमची पुडी स्टार्चच्या पुडीशेजारी दुकानात ठेवायला कोणी तयार होईना.

कराचंही सांगायला हवं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कुंकू, टिकली, सिंदूर, बांगड्या पहिल्या दिवसापासून करमुक्त होत्या आणि सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के कर होता. देशभरच्या बायकांनी आरडाओरडा केल्यावर तो जुलै २०१८ मध्ये गेला. बाईच्या शरीराची गरज करपात्र आणि तिच्या सौभाग्याची खूण करमुक्त! आम्ही तर करमुक्त बाजूला बसलो होतो. पण त्या सवलतीतही एक मेख होती. मालावर कर नाही म्हणून कच्च्या मालावर आणि पॅकिंगच्या पिशव्यांवर भरलेला करही परत मिळत नव्हता.

आता तुमच्यातल्या अनेकींच्या मनात असलेला प्रश्न. स्त्रीमुक्तीचं नाव घेणाऱ्या बाईनं कुंकवाचा कारखाना चालवायला मदत का करावी? हा प्रश्न मला २०२२ नंतर फार वेळा विचारला गेला. त्याचं कारणही करमाळ्याचंच आहे. विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद व्हावं म्हणून इथल्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी मोहीम सुरू केली. आपल्या मागे आपल्या पत्नीवर हे लादू नये असं त्यांनी स्वतः स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं. ४ मे २०२२ रोजी शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं तसा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. परिपत्रकाला कायद्याचे दात नाहीत, हेही खरं.

आमच्या शेवटच्या नऊ जणींत पाच विधवा आणि एक टाकलेली. म्हणजे कुंकू करणाऱ्यांतल्या बहुतेकींना संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण नव्हतं. कोपरापर्यंत लाल झालेले हात चिंचेनं घासून त्या घरी जायच्या, कारण नवरा नसलेल्या बाईच्या हातावरही तो रंग लोकांना खपत नव्हता. यातल्या दोघी पुढं कुंकू लावू लागल्या, तिघी लावत नाहीत आणि लावायची इच्छाही नाही. टाकलेली आहे ती आधीपासून मोठं कुंकू लावते, कारण त्याशिवाय गावातले पुरुष नीट बोलत नाहीत असं तिचं म्हणणं. मला वाटतं, लाल पुडीत वाईट काही नाही. ती कोणी लावायची आणि कोणी पुसायची हे दुसऱ्यानं ठरवण्यात आहे. आणि दिवसाची मजुरी आणि पासबुकावरचं नाव या दोन गोष्टींनी त्या पाच जणींच्या घरातली त्यांची जागा जितकी बदलली, तितकी ती माझ्या कुठल्याच भाषणानं बदलली नाही. ज्यांना हे पटणार नाही त्यांच्याशी मी भांडायला तयार आहे, पण कधीतरी निवांत. आत्ता मला पैशाबद्दल बोलायचं आहे.

देणी भागवून, यंत्र आणि उरलेला माल विकून, ठेव मोडून आमच्या हातात ४ लाख १३ हजार रुपये राहिले. ते कसे वाटायचे?

गटाच्या छापील नियमावलीत सभासद कसं व्हायचं, कर्ज कसं द्यायचं, बैठकीला न येणाऱ्यांना दंड किती, हे सगळं होतं. बंद कसं करायचं त्याचं कलमच त्या नमुन्यात नव्हतं. मी कायद्याची पुस्तकं चाळली. सहकारी संस्था असेल तर १९६० च्या कायद्यानुसार अवसायक नेमला जातो. मोठी कंपनी बुडाली तर २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यानं कामगारांच्या २४ महिन्यांच्या थकबाकीला तारणवाल्या सावकारांच्या रांगेत उभं केलं आहे. सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईचंही प्रॉव्हिडंट फंडाचं कार्ड असतं, ते तिच्या संघटनेनं भांडून टिकवलं आहे. आमच्या बायका यातल्या कशातच बसत नव्हत्या, कारण त्या मालकिणी होत्या.

त्यातल्या त्यात जवळचा वाटला तो भागीदारीचा १९३२ चा कायदा. त्यात वाटणीची पायरी दिली आहे: आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांनी दिलेली उचल, मग भांडवल, उरेल ते नफ्याच्या हिश्श्यानं. वाचायला सरळ आहे. पण याच कायद्याचं १३ वं कलम सांगतं की वेगळा करार नसेल तर भागीदाराला धंद्यात केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. म्हणजे पैसा घातला तर तो हिशेबात, राबणं घातलं तर ते नाही. हे वाचून मी हसलेच. घरकामाबद्दल आपण वर्षानुवर्षं जे म्हणत आलो तेच, फक्त इथं घराच्या जागी दुकान.

आमच्या बायकांनी भांडवल म्हणून जेमतेम काही घातलं होतं आणि ते केव्हाच परत घेतलं होतं. त्यांनी घातली ती वर्षं. म्हणून बैठकीत असं ठरलं की केलेली वर्षं ही कारखान्याच्या डोक्यावरचं देणं धरायची आणि ती आधी फेडायची. माप कुठलं लावायचं? ग्रॅच्युइटीचा तेव्हा लागू असलेला १९७२ चा कायदा वर्षाला १५ दिवसांची मजुरी देत होता, हंगामी कामाला हंगामाला ७ दिवसांची. पंधरानं पैसे पुरत नव्हते. आमचं काम हंगामीच, सात दिवस धरले. शेवटची मजुरी २५० रुपये, म्हणजे एका वर्षाचे १,७५०.

खरं भांडण पुढं होतं. काम फक्त शेवटच्या नऊ जणींनी केलं नव्हतं. सव्वीस वर्षांत अठरा बायका येऊन गेल्या. काही जणींचं म्हणणं, सोडून गेल्या त्या गेल्या. यावर सगळ्यांत वडीलधारी मावशी म्हणाली, "यंत्राचा हप्ता फेडला तेव्हा त्या होत्या का नव्हत्या?" एवढ्यावर तो मुद्दा मिटला. आमच्या वह्या नीट होत्या, कोण कधी आली आणि कधी गेली ते सगळं सापडलं. अठरा जणींची मिळून २०० वर्षं भरली, त्यांतली १५८ शेवटच्या नऊ जणींची. साडेतीन लाख वर्षांच्या मापानं गेले, उरलेले ६३ हजार नऊ जणींत सारखे, प्रत्येकी ७ हजार. सव्वीस वर्षं केलेल्या तिघींना ५२ हजार ५०० मिळाले. फार नाहीत, आणि पुरेसे आहेत असं मी म्हणणार नाही.

दोन वर्षं काम करून मारहाणीला कंटाळून माहेरी निघून गेलेली एक होती. तिचा ठावठिकाणा लावायला महिना गेला. तिचे ३,५०० रुपये खात्यावर गेल्यावर तिनं फोन करून विचारलं, हे कशाचे? दुसरी एक वारलेली, नऊ वर्षं काम केलेली. तिचा मुलगा १५,७५० घ्यायला आला. हिंदू वारसा कायद्यात आईच्या मागे मुलाइतकाच मुलींचा हक्क आहे, आणि तिला दोन मुली, दोघी सासरी. मुलगा रागावून गेला. आम्ही तिघांना ५,२५० प्रमाणे दिले. त्याच्या हिश्श्याचे त्यानं पुढच्या आठवड्यात मुकाट्यानं घेतले.

एक गोष्ट मात्र विकली नाही. यंत्र घेणाऱ्या व्यापाऱ्यानं पुडीवरच्या नावाचे वेगळे पैसे देऊ केले होते. तो त्या नावाखाली स्टार्चचं कुंकू विकणार हे उघड होतं. मला स्वतःला त्यात फार गैर वाटलं नसतं, साठ हजार रुपये म्हणजे नऊ जणींत थोडे नाहीत. पण मतदान झालं आणि सहा विरुद्ध तीन असा नकार गेला. विरोधात गेलेल्या तिघींपैकी एकीच्या घरी लग्न होतं. तिची नाराजी अजून आहे आणि तिचा राग मला समजतो.

शेडची जागा भाड्याची होती, ती मालकाला परत केली. वह्या माझ्याकडे आहेत.

तुमच्यापैकी कितीतरी गटांचे मसाल्याचे, पापडाचे, शिलाईचे, चटणीचे उद्योग चालू आहेत. चालोत. पण चालू असतानाच एका बैठकीत हे ठरवून वहीत लिहून ठेवा: बंद झालं तर वर्षांचं माप काय, सोडून गेलेलीचं काय, वारलेलीच्या मुलींचं काय, यंत्र कोणाला, नाव कोणाचं. चालू असताना बायका मोकळेपणी बोलतात. बंद होताना प्रत्येकीच्या मागे घरचं कोणीतरी उभं असतं. आमच्या वाटणीचा कागद हवा असेल त्यांनी अंकाच्या पत्त्यावर लिहावं, प्रत पाठवू. आणि ज्यांनी याआधी आपला उद्योग बंद केला आहे, त्यांनी तो कसा केला ते कळवावं. भांडणं झाली असतील तर तीही लिहा.