हिरवी काच

आमच्या घरात देवाला 'बापा' अशी हाक असायची. पाळकसाहेब 'स्वर्गीय पिता' म्हणत, पण बाबांची प्रार्थना नगर जिल्ह्यातल्या त्यांच्या आजीकडून आलेली होती, आणि त्या माउलीने देवाला कधी अहोजाहो केलं नव्हतं. रात्रीची जेवणं उरकली की आई, मी आणि धाकटी बहीण गोधडीवर बसायचो. बाबा गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "बापा." मला दरवेळी नवल वाटायचं. ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं मी पाटीपुस्तक उघडतो, तो एवढा मोठा माणूस आणखी कुणाला बाप म्हणतोय?

बाबा रेल्वेत गँगमन होते. आम्ही वाशिंदला, रुळांच्या कडेच्या एका खोलीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मुंबई-ठाणे पहिली गाडी धावली त्यानंतर अडीच वर्षांत, १ ऑक्टोबर १८५५ला, कल्याणपासून वाशिंदपर्यंत रूळ आले. पुढे कसाऱ्याला पोचायला १८६१ उजाडलं. त्यातली पहिली चारेक वर्षं या बाजूची आगगाडी आमच्या गावाशी येऊन थांबत होती. हे मी फार नंतर वाचलं. लहानपणी मला रुळांविषयी एवढंच माहीत होतं की ते बाबांचे आहेत.

गावात ख्रिस्ती म्हणून आम्हीच. शाळेत मास्तरांनी विचारलं होतं, "तुम्ही गोव्याचे का रे?" मी म्हटलं, नगरचे. आडनाव मराठी, घरात भाकरी, नाताळाला करंज्या आणि चकल्या. मास्तरांना ते जुळवता येईना. रविवारी आम्ही लोकलने कल्याणला उपासनेला जायचो. खडवली, टिटवाळा, आंबिवली, शहाड. बाबांचे डोळे सारखे बाहेर, शेजारच्या रुळाखालच्या खडीवर. सुट्टीच्या दिवशीही त्यांची सुट्टी नसायची.

पावसाळ्यात त्यांना रात्रीची गस्त लागे. आम्ही त्याला पेट्रोलिंगच म्हणायचो. अंगावर रेनकोट, हातात तीन काचांची हातबत्ती, पाठीला पिशवी. भराव खचलाय का, मोरी तुंबून पाणी रुळावर चढतंय का, हे बघत आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत चालायचं. तिथं पलीकडून दुसरा गस्तवाला येई. दोघं एकमेकांच्या वह्या बदलून घेत आणि माघारी फिरत. हद्द पुरी चालल्याचा तोच पुरावा. "काळोखात लांबून त्याची बत्ती दिसली की बरं वाटतं," बाबा सांगायचे.

पिशवीत फटाके असत. दिवाळीतले नव्हेत. डबीसारखे चपटे गोल, दोन्ही अंगांना रुळावर वळवून बसवायच्या मऊ पट्ट्या. रूळ धोक्यात दिसला तर गाडीच्या दिशेने धावत जायचं, सहाशे मीटरवर एक फटाका बांधायचा, पुढे बाराशे मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन. चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हर गाडी थांबवतो. मुसळधार पावसात, रात्री दोन वाजता, बाराशे मीटर धावत. मी चौथीत होतो, मला हे आकडे पाढ्यांसारखे पाठ होते.

रोज संध्याकाळी बाबा ते फटाके फळीवरून काढून मोजायचे. त्या जुलैमध्ये एका संध्याकाळी एक कमी भरला.

दोनच दिवसांपूर्वी मी एक हातात घेऊन बघताना सापडलो होतो. बाबांनी मला समोर उभं केलं. "कुठाय?" मी म्हटलं, मी नाही घेतला. "खोटं बोलतोस?" आणि उजव्या गालावर बसली, मग डाव्या. आई मध्ये पडायला आली, तर तिच्यावरही आवाज चढला. आज कळतं की ते भ्यायले होते. सरकारी वस्तू, तीही फुटणारी, आणि घरात दोन लहान मुलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की खरं सांगून मार मिळाला. गाल तासाभरात निवला. 'खोटं बोलतोस' मात्र रात्रभर ठणकत राहिलं.

बाबा गस्तीला निघाले तेव्हा धो धो पाऊस होता. रुळाच्या वळणावर पोचले की ते रोज मागे वळायचे, बत्तीची काच फिरवायचे आणि क्षणभर आमच्या खिडकीकडे हिरवा उजेड दाखवायचे. मी झोपायला जाण्याची ती खूण होती. त्या रात्री मी खिडकी आधीच लावून घेतली.

सकाळी बाबा परतले. रेनकोट खुंटीला लावताना त्यांचा हात अस्तरापाशी थांबला. खिसा आतून उसवला होता. अस्तराच्या तळाशी, शिवणीत जाऊन बसलेला तो फटाका त्यांनी दोन बोटांनी वर सरकवत आणला आणि हातावर घेऊन कितीतरी वेळ बघत उभे राहिले. आई चुलीपाशी, मी अंथरुणात, डोळे किलकिले करून. त्यांनी तो गुपचूप पिशवीत टाकला असता तर कुणाला कळणार होतं?

त्यांनी मला उठवलं. आईला हाक मारली. आणि रात्री टेकायचे तसे सकाळी सात वाजता, ओल्या पँटनिशी, गुडघे टेकले. "बापा, मी माझ्या लेकरावर खोटा आळ घेतला. त्यानं खरं सांगितलं, मी ऐकलं नाही." मग डोळे उघडून माझ्याकडे वळले. गुडघ्यांवर असल्याने त्यांचं तोंड बरोब्बर माझ्या तोंडासमोर आलं होतं. दाढीचे खुंट, पापण्यांवर पाणी. "पोरा, मला माफ कर." मग आईकडे बघून म्हणाले, "तूही."

मला फार अवघडल्यासारखं झालं. मी "बरं" म्हणालो आणि मोरीवर तोंड धुवायला पळालो.

इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं असं सांगितलंय. त्यावर मी आयुष्यात कितीतरी प्रवचनं ऐकली. तीनच ओळी पुढे, चौथ्या वचनात, बापांना बजावलंय की मुलांना चिडीला आणू नका. त्यावर ऐकलेली एका हाताच्या बोटांवर मावतील. याचं मला वाईट वाटतं, आणि मंडळीत मी ते बोलूनही दाखवतो. बापाच्या धाकात वाढलेल्या मुलाला आपण देवाला 'बाप' म्हणायला शिकवतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे कोण येत असेल? रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे वडील तापट. लहानग्या नारायणाने आईचे हाल पाहिले आणि ती गेल्यावर घर सोडून नाशिक गाठलं. त्याच टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे भजनांतून ख्रिस्ताला आळवलं ते माउली म्हणून. वारकऱ्यांची ती हाक त्यांनी ख्रिस्तापर्यंत नेली, हे खरंच. पण मला त्यात ते घर सोडून निघालेलं पोरही दिसतं.

मला 'बापा' म्हणताना कधी अडखळायला झालं नाही. गेथशेमाने बागेत, मरणाच्या आदल्या रात्री, येशूने देवाला 'अब्बा' म्हटल्याचं मार्क लिहितो. आपल्याकडच्या 'आबा'च्या किती जवळचा शब्द! तो भाग वाचताना मला जैतुनाची झाडं दिसत नाहीत. वाशिंदच्या क्वार्टरची शेणाने सारवलेली जमीन दिसते, आणि तिच्यावर दोन गुडघ्यांचे ओले ठसे.

त्या दिवशी आईने रेनकोटचा खिसा दुहेरी दोऱ्याने शिवला. संध्याकाळी बाबांनी फटाके मोजायला मला जवळ बसवलं. एकेक माझ्या हातात देत गेले, मी मोठ्याने आकडे म्हणत गेलो. पुरे भरले. ते निघाले तेव्हा पाऊस उणावला होता. मी खिडकी सताड उघडली आणि गजांना तोंड लावून उभा राहिलो. बत्ती लहान लहान होत वळणापाशी पोचली, थांबली. कालच्या बंद खिडकीकडेही त्यांनी हिरवी काच धरली असेल का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्या रात्री ती नेहमीपेक्षा बराच वेळ हिरवी राहिली. मी हात हलवत होतो. एवढ्या लांबून, अंधारातून, त्यांना तो दिसणं शक्यच नव्हतं.