दारावरचा लाल दिवा



दिवाळी आटोपली आणि रामाकोन्याहून भाच्याचा फोन आला. "मामाजी, एक्स-रेची मशीन घेतो आहे. कागदं कोणते कोणते लागतात, तेवढं सांगा नं."

मला आनंदच झाला. रामाकोना हे नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचं, सौंसरच्या पुढचं आमचं गाव. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला आणि सौंसर तहसिलीसोबत आम्हीही छिंदवाड्यातून पांढुर्ण्यात गेलो. पण संत्रा तोडताना कुणी शिडीवरून पडलं, तर हाड मोडलं की नुसतं मुरगळलं हे कळायला माणूस आजही सौंसर नाहीतर नागपूरची गाडी शोधतो. भाच्यानं रेडिओग्राफीचा डिप्लोमा केला आहे. गावातच सोय होत असेल तर आणखी काय हवं?

मी नागपुरात एक्स-रे विभागात अनेक वर्षं काढली, शेवटची काही वर्षं रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर म्हणून. त्यामुळे कागदांची यादी मला तोंडपाठ आहे. पण मी त्याला आधी दुसरंच विचारलं, "खोली कोणती घेतली? आणि भिंतीच्या पलीकडे कोण बसतं?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "पलीकडे तं शिलाईचं दुकान आहे. काहून?"

आजचा लेख या 'काहून'चं उत्तर आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. एक्स-रेच्या खोलीत किरण साचून राहत नाहीत. बटण दाबलं की नळीतून किरण निघतात, सेकंदाच्या लहानशा भागात काम होतं, आणि वीज बंद झाली की किरणही बंद. बंद यंत्राला झाडू-पोछा करणाऱ्या बाईनं घाबरायचं कारण नाही. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात गेलेल्या कोबाल्टनं एका कामगाराचा जीव घेतला, ती गोष्ट वेगळी होती. कोबाल्टला स्विच नसतो, एक्स-रेला असतो. म्हणून एक्स-रेच्या सुरक्षेचा सगळा प्रश्न एका वाक्यात मावतो: बटण दाबताना कोण कुठे उभं आहे?

हा प्रश्न लोकांनी सुरुवातीला विचारलाच नाही. राँटगेनला १८९५ च्या नोव्हेंबरात हे किरण सापडले आणि थोड्याच दिवसांत जगभर हौसेनं हातांचे फोटो निघू लागले. एडिसनचा सहकारी क्लॅरेन्स डॅली नळी नीट चालते की नाही हे स्वतःच्या हातावरच तपासायचा. आधी त्वचा भाजली, मग कर्करोग झाला, हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला. एडिसननं एक्स-रेचं काम सोडून दिलं.

आपल्याकडे आज या विषयाचे नियम पक्के आहेत. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली झालेले २००४ चे विकिरण संरक्षण नियम, आणि ते पाळले जातात की नाही हे बघणारं अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी. हे मंडळ १९८३ साली स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. गावातलं छोटं केंद्र असो की शहरातलं मोठं इस्पितळ, यंत्र मंडळाच्या मान्यतेचं हवं आणि ते चालवायला मंडळाची परवानगी हवी. अर्ज 'ई-लोरा' या त्यांच्या संकेतस्थळावर करायचा. रामाकोन्याहूनही होतो, मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत.

भाच्याला वाटत होतं, एवढं केलं की झालं. त्याला मी माझीच एक फजिती सांगितली.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. इस्पितळाचं नाव सांगत नाही. आम्हाला छातीवर लावायला टीएलडी बॅज मिळायचा. त्यात छोट्या चकत्या असतात. तीन महिन्यांत तुमच्या अंगावर किती किरण पडले ते त्या साठवून ठेवतात, मग प्रयोगशाळेत तापवून तो आकडा वाचतात. लग्नकार्यासाठी मी दोन आठवडे गावी गेलो आणि बॅज लावलेला एप्रन एक्स-रेच्या खोलीतच खुंटीला टांगून गेलो. त्या तिमाहीचा माझा आकडा इतका वाढला की वरून चौकशीचं पत्र आलं. मी रामाकोन्यात जेवणाच्या पंगती वाढत होतो आणि माझा बॅज इकडे माझ्या नावानं किरण खात होता! खुलासा लिहिला, बोलणी खाल्ली, विषय मिटला.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी सहज विचारलं, "लहान मुलांचे एक्स-रे काढताना मूल कोण धरतं?" आम्ही सगळ्यांनी एकाच दिशेनं पाहिलं. आमच्याकडे एक आया होत्या. कितीही रडणारं पोर त्यांच्या हातात शांत व्हायचं. वर्षानुवर्षं, दिवसातून चार-पाचदा त्या मूल धरून टेबलाशी उभ्या राहायच्या. त्यांच्याकडे बॅज नव्हता. यादीत त्यांचं नावच नव्हतं, कारण कागदावर त्या 'सफाई'त होत्या.

मी गावी असतानाचा माझा खोटा आकडा सरकारदरबारी नोंदला गेला. त्यांचा खरा आकडा कुणाकडेच नव्हता, आणि आता कधी कळणारही नाही. त्यांना पुढे काही झालं असं मी म्हणत नाही. रुग्णाच्या अंगावरून उसळून बाजूला येणारे किरण मीटरभर अंतरावर ढोबळमानानं हजारावा हिस्सा उरतात. एका फोटोनं काही बिघडत नाही. पण रुग्ण एकदा येतो, त्या रोज होत्या. आणि मूल धरणारा माणूस मीटरभर दूर नसतो, अगदी लागून असतो. आम्ही शिकलेली माणसं भिंतीआड जाऊन बटण दाबायचो. भिंतीबाहेर कोण राहिलं, याचा हिशेब कुणी ठेवलाच नाही.

नियम याबाबत अगदी स्पष्ट आहे. मूल किंवा अशक्त रुग्ण धरायचा तर तो त्याच्या सोबतच्या मोठ्या नातेवाइकानं, शिशाचा एप्रन घालून. कर्मचाऱ्यानं नाही, आणि गरोदर बाईनं तर नाहीच. कारण सोपं आहे: नातेवाईक एकदाच धरतो, कर्मचारी रोज धरेल.

हे सांगितल्यावर भाचा हळूच म्हणाला, "मामाजी, मी शेजारची एक पोरगी ठेवणार होतो. नावं लिहायला आन् लेकरं धरायला."

"वय?"

"सतरा."

अठराच्या आतल्या कुणालाही किरणांच्या कामावर ठेवता येत नाही, हे मी त्याला सांगितलं. ती बाहेर बसून नावं लिहील. ते टेबल कुठे ठेवायचं, ते मात्र आपण आधी ठरवायचं.

मग आम्ही कागद घेऊन खोली आखायला बसलो, तो तिकडे, मी इकडे, फोन मध्ये. साध्या एक्स-रेच्या खोलीला साधारण १८ चौरस मीटर जागा हवी, म्हणजे १९० चौरस फुटांहून थोडी जास्त. त्यानं भाड्यानं घेतलेली खोली होती दहा बाय बारा, म्हणजे १२० फूट. ज्या भिंतीवर किरणांचा सरळ झोत पडतो, छातीचा फोटो काढताना रुग्ण जिच्यासमोर उभा राहतो, ती ३५ सेंटीमीटर विटेची हवी, म्हणजे दीड विटेची. बाकीच्या नऊ इंची चालतात. त्याच्या खोलीची शिलाईच्या दुकानाकडची भिंत होती चार इंची. तिच्या पलीकडे एक बाई सकाळी दहापासून मशीनवर बसते. दाराला शिशाचा पत्रा हवा, खिडकी बाहेरच्या जमिनीपासून दोन मीटरच्या वर हवी, कारण बाहेर ओट्यावर माणसं बसतात. बटण दाबणाऱ्यानं दूर आणि आडोशाला उभं राहायचं. अंतर दुप्पट झालं की किरण निम्मे नाही, चौथाई होतात. तिप्पट अंतरावर नववा हिस्सा. अंतराइतकं स्वस्त संरक्षण दुसरं नाही. पण त्यासाठी खोलीत अंतर असावं लागतं!

भाचा चिडला. "मग तं ही खोली सोडावी लागेल. दोन महिन्यांचं भाडं गेलं माझं. गावात कोण येते तपासायला?"

मी म्हटलं, "कुणी नाही आलं असं धरून चाल. शिलाईवाली बाई तर रोज येणार आहे नं?"

त्यानं फोन ठेवला. आठवडाभर बोलला नाही. मीही केला नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्या आईचा, माझ्या बहिणीचा फोन आला, की घरामागचं संत्र्याचं जुनं गोदाम तो टेप घेऊन मोजतो आहे. आजोबांच्या काळच्या भिंती, दीड विटेच्या. एका बाजूला आमचंच अंगण, दुसऱ्या बाजूला कुणी बसत नाही अशी मोकळी जागा. आता नकाशा तयार आहे, अर्ज भरला आहे. यंत्र परवानगीनंतरच येईल.

तोवर आम्ही एक छोटी वही केली आहे. कोणता बॅज कुणाचा. तो छातीवर, एप्रनच्या आत लावायचा. काम संपलं की खोलीबाहेर ठरलेल्या जागी ठेवायचा, खुंटीवर नाही (हे वाक्य मी स्वतः लिहिलं आहे). एप्रन घडी घालून ठेवायचा नाही, घडीवर आतलं शिसं तडकतं आणि बाहेरून काही दिसत नाही. यंत्राची तपासणी दर दोन वर्षांनी. दारावर लाल दिवा, आणि तो लागलेला असताना आत कुणी येणार नाही.

भिंतीवर गरोदर बायांसाठी सूचना लावायचीच आहे, मराठीत आणि हिंदीत. पण आमच्याकडे नवी सून सासूसोबत येते. सगळ्यांसमोर विचारलं तर ती मान खाली घालून "नाही" म्हणणार. म्हणून वहीत लिहिलं, हा प्रश्न बाईनं, एकटीला, बाजूला घेऊन विचारायचा. नावं लिहिणारी ती पोरगी अठराची होईपर्यंत हे काम माझी बहीण करणार आहे.

तरुण वाचकहो, तुमच्यातले कुणी दातांच्या दवाखान्यात आहेत, कुणी कॅथलॅबमध्ये, कुणी कारखान्यात वेल्डिंगचे जोड एक्स-रेनं तपासता. देशातलं काम असेल तर कर्मचाऱ्यासाठी मर्यादा वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट आहे, पाच वर्षांची सरासरी धरून, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसासाठी वर्षाला फक्त १. छातीच्या एका साध्या फोटोत रुग्णाला साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे घाबरून एक्स-रे टाळायचं कारण नाही. मर्यादेचा उपयोग मात्र आकडा मोजला तरच. तुमच्या बॅजचा क्रमांक नोकरी बदलली तरी तुमचाच राहतो आणि नोंद पुढे चालते. दर तिमाहीचा आकडा मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

आणि एकदा आजूबाजूलाही बघा. बटण दाबलं जातं तेव्हा तिथे असा कुणी उभा आहे का, ज्याचं नाव यादीतच नाही? असला तर साहेबांना विचारा. विचारायला मी उशीर केला होता, म्हणून सांगतो.

गोदामाच्या दारावर लाल दिवा लागला की कळवेनच. तुमच्या कामाच्या जागेचे अनुभव जरूर लिहा. पुढच्या महिन्यात भेटूच.