अटॅक सगळ्यांचा, शिव्या स्टॉपरला

गेल्या रविवारी नेरूळच्या टर्फवर आम्ही २-५ हरलो. पाचपैकी तीन गोल माझ्या पाठीमागच्या मोकळ्या जागेतून झाले. रात्री बारापर्यंत ग्रुपवर एकच सूर: "अरे, तू मागे का नाही थांबलास?"

टीमनेच ठरवलं होतं म्हणून! सात-सात जणांचा खेळ, गोलकीपर सोडून २-१-३. "आज फुल अटॅक, भावा." मी स्टॉपर. आणि आता हेच लोक म्हणतायत, पुढच्या रविवारी ३-२-१, सेफ खेळू. माझं भांडण या निष्कर्षाशी आहे.

अटॅक म्हणजे पुढे माणसं वाढवणं, हा समज आपल्याकडे पक्का आहे. फॉर्मेशनमधला शेवटचा आकडा मोठा केला की झालं! साफ चूक. टीम किती आक्रमक आहे ते तिचे स्टॉपर कुठे उभे आहेत त्यावरून ओळखायचं. अकरा जणांचं ४-३-३ घ्या. बॉल आपल्याकडे असताना दोन्ही साइडबॅक वर चढतात, स्टॉपर सेंटर लाइनपाशी येतात आणि मैदानावर चक्क २-३-५ दिसायला लागतं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली जुनी मांडणी. मागे जवळजवळ अर्धं मैदान, पन्नासेक मीटर, रिकामं.

हा वेडेपणा वाटतो. पण ती जागा राखायचं काम आधी पुढच्या तिघांचं असतं. बॉल गेला की पहिले पाच-सहा सेकंद त्यांनी समोरच्याच्या अंगावर जायचं, त्याला मान वर करू द्यायची नाही. मान वर झाली की लांब पास सुटतो. स्टॉपरच्या मागे आधीच उभा असलेला फॉरवर्ड ऑफसाइडमध्ये सापडतो. पण पास सुटल्यावर मागून धावत येणारा सापडत नाही. त्याला रोखायचं तर पास देणाऱ्यालाच वेळ मिळता कामा नये. आमचे तिघे बॉल गेला की कंबरेवर हात ठेवून उभे. टर्फवर ऑफसाइडही नसतो. मग मी एकटा काय कप्पाळ अडवणार?

डेस बकिंगहॅमच्या मुंबई सिटीने २०२२-२३ च्या आयएसएलमध्ये २० लीग सामन्यांत ५४ गोल मारले, सलग १८ सामने हरली नाही आणि शील्ड घेतली. सगळे छांगते आणि बिपिन सिंगचे गोल शेअर करतात. बॉल गेल्यावर ते काय करायचे, याचं रील कोणी बनवत नाही.

यावर आमच्या ग्रुपमधल्या एका शहाण्याचं ठरलेलं उत्तर: "आणि अल-हिलाल?" बरोबर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये रियाधला ६-०, मग ६ नोव्हेंबरला आपल्या डी. वाय. पाटीलवर ०-२. त्या गटातले सहाच्या सहा सामने मुंबई हरली. पण समोर मित्रोविच, नेवेस, कुलिबाली होते, राव. तो पैशांमधला फरक होता. गोलसमोर दहा जण कोंबले असते तरी हरलोच असतो, फक्त बघायला कंटाळा आला असता. याच कोचच्या टीमने एप्रिल २०२२ मध्ये रियाधलाच इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं होतं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. विजयी गोल कोणाचा? राहुल भेकेचा. डिफेंडर, आणि आपल्या मुंबईचा.

राहिला "सेफ"चा मुद्दा. डी. वाय. पाटीलवरच ६ फेब्रुवारी २०२२ ला महिला आशियाई कपची फायनल झाली. हाफटाइमला दक्षिण कोरिया २-० पुढे. यापेक्षा सेफ काय असतं? चीनने दुसऱ्या हाफमध्ये तीन गोल मारले, तिसरा इंज्युरी टाइममध्ये.

मला स्टॉपर खेळायचा कंटाळा आलेला नाही. पाठीमागे मोकळी जागा ठेवून वर उभं राहायला मला आवडतं, धडधडतं तरीही. फक्त ती जोखीम सहा जणांनी मिळून घेतलेली असते, हे गोल खाल्ल्यावरही लक्षात ठेवा.

काल ग्रुपवर टाकलंय: फॉर्मेशन २-१-३ च राहील. बॉल गेल्यावर जो कंबरेवर हात ठेवेल, त्याने पुढची दहा मिनिटं माझ्या जागी स्टॉपर खेळायचं.

सगळ्यांनी वाचलंय. उत्तर अजून एकाचंही नाही.