शिराझ, सुकं मटण आणि मामाची दोन एकर

परवाच्या शनिवारी ऑफिसातली आम्ही पाच टाळकी नाशिकला वाइन टेस्टिंगला जाऊन आलो. पुण्याहून पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, म्हणजे साडेआठला निघालो. शहराबाहेरच्या एका वायनरीत (नाव घेत नाही, सगळीकडे साधारण हेच चालतं) टेबलावर पाच ग्लास आले आणि सोबत एक चकचकीत कार्ड. कुठल्या वाइनबरोबर काय खावं याचं. सोव्हिन्याँ ब्लाँबरोबर गोट चीज, शिराझबरोबर लँब चॉप्स, कॅबर्नेबरोबर स्टेक.

गोट चीज. नाशकात. अहो, येताना रस्त्यावर मिसळीच्या पाट्या मोजायच्या सोडून दिल्या होत्या मी!

ग्लास भरणाऱ्या मुलाला विचारलं, "कोथिंबीर वडीबरोबर यातलं काय चालेल?" तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "सर, आपलं जेवण स्पायसी असतं ना, वाइनची टेस्ट मारतं." त्याला तसंच शिकवलेलं असणार. पण परत येताना गाडीत सगळे झोपले आणि माझ्या डोक्यात हे वाक्य घोळत राहिलं. द्राक्षं दिंडोरीची, पाणी गोदावरीच्या खोऱ्यातलं, तोडणारे हात इथलेच. मग जेवण तेवढं दुसऱ्याचं का?

मला हा प्रश्न जरा जास्तच लागला, कारण त्यात मामा आहे.

माझा मामा दिंडोरी तालुक्यातला द्राक्षवाला. 2001 मध्ये राज्य सरकारने वाइनसाठी धोरण आणलं आणि त्यानंतर नाशिक भागात वायनऱ्या उभ्या राहू लागल्या. 2006 मध्ये मामाने एका वायनरीशी करार करून दोन एकर थॉमसन काढून शिराझ लावली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, सगळं तेच. पण फळ वेगळं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. मामा रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावून गोडी मोजायचा आणि आम्हा पोरांनाही दाखवायचा. आम्हाला ती दुर्बीण वाटायची.

मग 2008 ची जागतिक मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. हॉटेलं ओस पडली, पर्यटक थांबले आणि वाइन गोदामात तुंबली. 2009 च्या हंगामात मामाचा माल वायनरीने उचलला नाही. आता थॉमसन असती तर बाजार समिती होती, व्यापारी होता, अगदीच नाही तर बेदाणा होता. वाइनच्या बारक्या, बियांच्या द्राक्षाला वायनरी सोडून गिऱ्हाईक नाही. 2010 च्या मे महिन्यात सुट्टीला गेलो तेव्हा बाग मुळासकट काढलेली होती आणि वेलांची खोडं बांधावर रचलेली. मामी पुढे वर्षभर ती चुलीत घालत होती.

मंदीला मामा काय करणार आणि वायनरी तरी काय करणार, असं म्हणता येईल. पण एक गोष्ट मला अजून खटकते. जो माल फक्त हॉटेलात आणि सहलीत खपतो, त्याला दोन वाईट हंगाम पुरतात. जो रोजच्या घरच्या जेवणात असतो तो मंदीतही थोडाफार खपतोच. मंदीत कोणी चहा सोडला का? नाशिकची वाइन तेव्हा आपल्या ताटाशेजारी नव्हती. आजही फारशी नाही. ती बर्थडेला असते, फोटोत असते.

मोठ्या कंपन्या हे झेपवतात, पंचाईत होते ती घरगुती वायनऱ्यांची. गंगापूर धरणाच्या बाजूची यॉर्क घ्या. गुरनानी कुटुंबाची. नाव ऐकून इंग्लंड आठवतं, पण ते योगिता, रवी आणि कैलाश या तीन भावंडांच्या आद्याक्षरांवरून आलेलं. कैलाश ऑस्ट्रेलियात वाइन करायला शिकून आले. उत्तम शिराझ-कॅबर्ने, चेनिन ब्लाँपासून केलेली स्पार्कलिंग, सगळं झालं. 2021 मध्ये यॉर्क सुलाने विकत घेतली. तिकडे अकलूजची फ्रातेल्ली. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. एक इटालियन आणि दोन भारतीय अशा भावांच्या तीन जोड्यांनी मिळून काढलेली. या लोकांनी घरातली माणसं धंद्यात घातली. आपण त्यांची बाटली घरातल्या ताटाजवळ आणायला काय हरकत आहे?

तर, "आपलं जेवण वाइनला मारतं" हे कितपत खरं? गेल्या दोन वर्षांत वीकेंडला स्वयंपाकघरात जे प्रयोग केले (बायको याला टेस्टिंग फेज म्हणते) त्यावरून सांगतो. मुळात "मांसाबरोबर रेड, माशाबरोबर व्हाइट" हा नियम नाही, तो शॉर्टकट आहे. आत चालतात त्या गोष्टी म्हणजे आंबट, खारट, गोड, तेल-तूप, तिखट आणि रेडमधलं टॅनिन, म्हणजे कोऱ्या चहासारखा तो तुरटपणा.

तळलेलं असेल तर आंबट वाइन. लिंबू पिळतो तसंच. बटाटेवड्याबरोबर थंडगार स्पार्कलिंग ब्रूट घेऊन बघा. बुडबुडे आणि आंबटपणा तेल धुऊन काढतात आणि पुढचा वडा पुन्हा पहिल्यासारखा लागतो. (हा फायदा आहे की तोटा, ते वजनकाट्याला विचारा.) सोव्हिन्याँ ब्लाँला स्वतःलाच हिरवा वास असतो, त्यामुळे कोथिंबीर वडी आणि तिची जोडी कोणीतरी पत्रिका बघून जमवल्यासारखी आहे. तळलेल्या बोंबलाबरोबरही हीच. बांगड्याबरोबर मात्र रेड नको, तोंडात खिळा धरल्यासारखं होतं. हे नुसतं माझं मत नाही. रेड वाइनमधल्या लोहामुळे माशाचा वास अंगावर येतो, हे 2009 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलंय.

तिखटाचं गणित वेगळं. अल्कोहोल तिखटाचा जाळ वाढवतं, टॅनिन त्यात भर घालतं. म्हणून तिखटाला कमी अल्कोहोलची, किंचित गोडसर वाइन लागते. आणि नाशिकची चेनिन ब्लाँ बऱ्याचदा नेमकी तशीच असते! म्हणजे मिसळीच्या गावात मिसळीला चालेल अशी वाइन होते आणि कार्डावर गोट चीज. गोडाला नियम एकच, वाइन पदार्थाहून गोड हवी. पुरणपोळीला उशिरा तोडलेल्या द्राक्षांची लेट हार्वेस्ट चेनिन चालते, शिराझ दिलीत तर काढा प्यायल्यासारखं वाटेल. ठेच्याला काहीच चालत नाही. तिथे ताक घ्यावं आणि गप्प बसावं.

आणि ते "रेड वाइन रूम टेम्परेचरला" वगैरे. रूम म्हणजे युरोपातली, 16-18 डिग्रीची. पुण्यातली मे महिन्यातली खोली नव्हे. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, लाजू नका.

आता मामाकडे येतो. परतीच्या वाटेवर बाकीच्यांना नाशिकरोडला बसमध्ये बसवलं आणि गाडी दिंडोरीकडे वळवली. दोन बाटल्या होत्या, एक शिराझ, एक चेनिन. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मामाकडे दारू घेऊन चाललास? लाज वाटते का?"

आईचं मी खोडून काढणार नाही. जानेवारी 2022 मध्ये राज्य सरकारने सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय घेतला, तेव्हा "वाइन म्हणजे दारू नाही" असं बरेच नेते म्हणाले. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. मला ते "दारू नाही" पटलं नव्हतं. बारा-तेरा टक्के अल्कोहोल आहे, म्हणजे दारूच आहे. तब्येतीला चांगली हेही सांगू नये, कितीही कमी घेतली तरी ती सुरक्षित नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट म्हटलंय. न पिणाऱ्याने सुरू करावी असं मी मुळीच म्हणत नाही. पण शुक्रवारी रात्री फरसाणाच्या पुडीवर क्वार्टर संपवणाऱ्या आमच्या पिढीने त्याऐवजी जेवताना एक ग्लास घेतला, चव लावत, घरच्यांसमोर, तर ते जास्त प्रामाणिक नाही का?

मामीने मटण केलं होतं. काळ्या मसाल्याचा रस्सा, थोडं सुकं, बाजरीची भाकरी. मामाने स्टीलच्या पेल्यात शिराझ घेतली. चार हंगाम त्याने ही द्राक्षं पिकवली होती आणि त्यांची वाइन कधी चाखली नव्हती. त्याला कोणी बोलावलंच नव्हतं! एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"गोडी कुठं गेली रे हिची? आम्ही तर चोवीस ब्रिक्सला तोडायचो."

म्हटलं, मामा, त्या गोडीचीच दारू झाली. तो हसला. मग रश्शाबरोबर घेतली आणि ठसका लागला. मी शिराझ बाजूला सरकवली आणि थंड चेनिन दिली. "हां, हे बरंय." मग सुक्या मटणाचा तुकडा, भाकरी आणि पुन्हा शिराझ. चरबीत आणि मिठात टॅनिन मऊ होतं, मिऱ्याचा वास वर येतो. हे मला ठाऊक होतं, पण मी काही बोललो नाही. मामा बराच वेळ चावत बसला. मग पेला उजेडाकडे धरून म्हणाला, "रंग असाच यायचा. तोडताना हात चार दिवस असे असायचे."

मामी मध्येच म्हणाली, "मला बी दे बघू जरा." ते आईला सांगायचं नाही असं ठरलंय.

असो. सांगायचं इतकंच, की पुढच्या वेळी टेस्टिंगला गेलात तर ते कार्ड बाजूला ठेवा आणि तुमच्या घरी रविवारी काय शिजतं ते त्यांना सांगा. तिखट किती, आंबट किती, तेल किती, सगळं. दहा जणांनी विचारलं तर पुढचं कार्ड बदलेल. नाहीच बदललं, तर बाटली घरी न्या आणि कार्ड तुम्हीच लिहा. मामाने त्याचं लिहायला घेतलंय. निघताना म्हणाला, पुढच्या वेळी येशील तेव्हा मासवडी करायला लावतो, तिला काय चालतं ते बघू.

मला खरंच माहीत नाही. दोन बाटल्या नेणार आहे.