पाठवणीलाच डिस्क का अडकते?

काउंटरवर पिशवी उघडते. आधी बाहेर येतो करिश्मा अल्बम, मग अल्बमच्या खोक्यात जपून ठेवलेली डीव्हीडी आणि मागोमाग एक ठरलेलं वाक्य: "कॉम्प्युटरवर लागते हो, पण प्लेअरवर नो डिस्क दाखवते." टिटवाळा, खडवली, वासिंद या पट्ट्यातल्या स्टुडिओवाल्यांना हे वाक्य आता पाठ झालं असेल. लग्न २००७-०८च्या आसपासचं असतं. नवरीची मुलगी आता शाळा संपवत आलेली असते, आजोबा फक्त त्या डिस्कमध्येच उरलेले असतात. मूळ मिनीडीव्ही कॅसेट कुठे आहे, हे विचारण्यात अर्थ नसतो. ती बहुतेक वेळा पुढच्याच मुहूर्ताला दुसऱ्या कुणाच्या हळदीवर पुन्हा चालवलेली असते.

या वाक्यावर धंद्याचं ठरलेलं उत्तर असायचं, "प्लेअर खराब असेल, लेन्स साफ करून घ्या." वीटभट्ट्यांच्या धुळीत लेन्स खराब होते हे खरंच, पण दहातल्या दहा गिऱ्हाइकांना तेच सांगणं म्हणजे हात झटकणं झालं. दोष बऱ्याचदा डिस्क राइट झाली त्या टेबलावरचाच असतो. राइट झालेली डिस्क त्याच रायटरमध्ये परत सरकवायची, चित्र हललं की कव्हरात घालायची, अशी तपासणीची रीत होती. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह गावातल्या ओळखीच्या कंडक्टरसारखा असतो, अर्धवट तिकिटावरही गाडीत घेतो. टीव्हीखालचा प्लेअर मात्र कल्याण स्टेशनच्या पुलावरचा टीसी असतो.

सगळ्यात सामान्य चूक सगळ्यात साधी आहे. राइट करायचं सॉफ्टवेअर नीरो उघडायचं, डेटा डिस्क निवडायची, तयार झालेली एमपीईजी फाइल ओढून टाकायची आणि राइट मारायचं. कॉम्प्युटरला फाइल दिसते, लागते. जुन्या प्लेअरला फाइल कळतच नाही. त्याला ठरलेल्या नावाचं फोल्डर, त्यात आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी अशी मांडणी लागते, आणि एकेक व्हीओबी एक जीबीच्या आत लागते. व्हीसीडीत ही भानगड जास्त व्हायची. १९९३च्या व्हाइट बुकप्रमाणे व्हीसीडीतलं चित्र स्वतंत्र ट्रॅकवर असतं; कॉम्प्युटरला दिसणारं एमपीईजीएव्ही फोल्डर आणि त्यातली डीएटी फाइल हा त्या ट्रॅकचा नुसता चेहरा. लग्नानंतर नवऱ्यामुलाचा मामा ते फोल्डर कॉपी करून दहा ब्लँक सीड्यांवर मारायचा आणि नातेवाइकांना वाटायचा. दहाच्या दहा बंद. शिव्या स्टुडिओला.

दुसरं दुखणं ओळखपत्राचं. प्लेअर डिस्क फिरवतो तेव्हा सगळ्यात आधी आतल्या कडेजवळची लीड-इन वाचतो आणि हा माल कोणत्या जातीचा ते ठरवतो. डीव्हीडी-आर १९९७ची, डीव्हीडी+आर २००२ची. त्याआधी बनलेल्या किंवा काटकसरीने बनवलेल्या प्लेअरला प्लस आर ही जात यादीतच सापडत नाही आणि तो "नो डिस्क" म्हणून मोकळा होतो. यावर बुक टाइप बदलण्याचा उपाय होता: राइट करतानाच प्लस आर डिस्कवर 'मी डीव्हीडी-रॉम' असा शिक्का मारायचा. बऱ्याच रायटरांत ती सोय असते, पण ती चालू आहे का हे बघायची तसदी फार थोड्यांनी घेतली. मायनस आरवर हा शिक्का मारता येत नाही आणि राइट झालेल्या प्लस आरवर तो मागाहून बदलता येत नाही.

याच घरातलं आणखी एक कोडं खडवलीच्या माणसाला चक्रावून टाकायचं. व्हीसीडी प्लेअरवर लागणारी सीडी नव्या, महागड्या डीव्हीडी प्लेअरवर लागत नसे. नवी वस्तू जुनीपेक्षा आंधळी कशी? सीडी वाचणारा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडी वाचणारा ६५०चा. छापील सीडीत ॲल्युमिनियमचा आरसा असतो, तो दोघांनाही उजेड परत देतो. आपण राइट केलेल्या सीडी-आरमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि तो ६५०चा उजेड जवळपास गिळून टाकतो. पुढच्या प्लेअरांत दोन लेझर आले तेव्हा हा प्रश्न मिटला. सुरुवातीचे प्लेअर मात्र शेवटपर्यंत तसेच राहिले.

आता हळदीकडे वळू, कारण या भागात लग्नापेक्षा हळद मोठी. आगरी घरातली हळद म्हणजे रात्रभर बेंजो, हॅलोजनचा लखलखाट, शंभर माणसं एकदम नाचतायत आणि कॅमेरावाला त्यांच्या मध्येच. एमपीईजी पद्धत मागच्या चौकटीपेक्षा पुढच्या चौकटीत काय बदललं तेवढंच मुख्यत्वे साठवते. मंगलाष्टका चालू असताना अंतरपाट स्थिर, भटजी स्थिर, नवरा तर घामाने थिजलेलाच. बदल थोडा, बिट थोडे. हळदीत प्रत्येक चौकटीत सगळंच बदलतं आणि एन्कोडर परवानगी असेल तिथपर्यंत बिट ओततो. डीव्हीडीच्या नियमात चित्राची कमाल मर्यादा सेकंदाला ९.८ मेगाबिट आहे, आणि चित्र, आवाज सगळं मिळून १०.०८. एडिटिंग करणाऱ्याने चित्राला ९.८ची सूट दिली आणि आवाज पीसीएम, म्हणजे न दाबलेला ठेवला, की पीसीएमचे १.५ मेगाबिट मिळून बेरीज ११च्या वर जाते. कॉम्प्युटरला याने काही होत नाही. प्लेअर बरोब्बर नाच रंगात आला की खोकायला लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, डिस्कला ओरखडा असेल. ओरखडा कुठेच नसतो.

पीसीएमचा हट्ट दुसऱ्या बाजूनेही महाग पडतो. ४.७ जीबीच्या डिस्कवर तीन तासांचं लग्न बसवायचं तर सगळं मिळून सरासरी साडेतीन मेगाबिटच हाती येतात. त्यातले दीड बेंजोच्या पीसीएमला दिले तर चित्राला दोन उरतात, मग नवरीच्या शालूवरची जर चौकोनी ठिगळांसारखी दिसते. तोच आवाज एसी-३मध्ये १९२ किलोबिटवर सुखाने राहतो आणि मांडवातल्या माइकवरून आलेल्या आवाजात फरक ऐकू येईल असा कान अजून भेटायचा आहे. तीन तासांचं लग्न एकाच डिस्कवर कोंबण्यापेक्षा दोन डिस्कचा सेट द्यावा, हे व्हीसीडीच्या काळात सगळ्यांना कळत होतं. तिथे ७४ मिनिटांची भिंत होती, म्हणून तीन सीड्यांचा सेट निमूटपणे दिला जायचा. डीव्हीडी आली आणि हाव सुटली.

आणि पाठवणी. स्टुडिओवाल्यांकडे परत येणाऱ्या डिस्कांमधली एक तक्रार तर दृष्ट लागल्यासारखी वाटावी अशी: सगळं लग्न नीट चालतं आणि नवरी आईच्या गळ्यात पडली की चित्र थिजतं. डिस्क आतून बाहेर राइट होते. साखरपुडा मध्यभागी, पाठवणी कडेला. स्वस्त ब्लँक डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर कडेकडे असमान होत जातो, डिस्क किंचित वाकलेली असेल तर तो वाक कडेलाच जास्त भोवतो, आणि बहुतेक रायटर कडेकडे जाता जाता वेगही वाढवतात. स्पिंडलमधली कुठलीही डिस्क ट्यूबलाइटखाली तिरपी धरली तर राइट झालेला भाग वेगळ्या छटेच्या कड्यासारखा दिसतो. हे कडं पार काठाला टेकलं असेल तर पाठवणी धोक्यात आहे असं समजावं. सव्वाचार जीबीच्या आसपास थांबलं तर हा त्रास खूप कमी होतो. वेगाचंही तसंच. सोळा एक्सच्या डिस्कला सोळावर पळवू नये. पण जितकं हळू तितकं चांगलं ही समजूतही भाबडी आहे. सोळा एक्सच्या ब्लँकचं रंगद्रव्य वेगवान राइटसाठीच घडवलेलं असतं, त्याला आठवर किंवा चारवर ठेवणं पुरे.

कडं मध्येच तुटलेलं दिसलं तर वेगळी गोष्ट. लोडशेडिंगच्या वर्षांत खडवलीसारख्या ठिकाणी वीज राइटिंगच्या मध्यात जायची, यूपीएसची बॅटरी दोन मिनिटांत मान टाकायची आणि लीड-आउट लिहायचंच राहायचं. हँडीकॅमच्या आठ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्कांचंही हेच. कॅमेऱ्यात फायनलाइज न करता त्या काढल्या गेल्या आणि कॅमेरा मागाहून विकला गेला. अशी डिस्क प्लेअरला कोरी दिसते, पण कोरी नसते. आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर आतला मजकूर बहुतेक वेळा शोधून काढतं. गिऱ्हाइकाने ती छोटी डिस्क गाडीतल्या, फटीतून डिस्क ओढून घेणाऱ्या प्लेअरमध्ये घातली नसेल तर.

स्टिकर ही आपल्याच धंद्याने गिऱ्हाइकाला दिलेली भेट. जोडप्याचा फोटो छापलेला गोल कागद डिस्कवर चिकटवला की गठ्ठ्यात छान दिसतो, आणि डिस्कचा तोल जातो. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या. वरचा कागद पावसाळ्यात ओला होऊन सुकला की चकती ओढली जाते. सीडीचं नाजूक अंग याच्या उलट आहे. तिथे मजकुराचा थर छापील बाजूच्या लाखेखालीच असतो, म्हणून खालच्या ओरखड्यापेक्षा वरून बॉलपेनने लिहिलेली लग्नाची तारीख जास्त घातक ठरते.

अमेरिकेला पाठवलेल्या डिस्कबद्दल एक वाक्य पुरे: घरी बनवलेल्या डिस्कला रीजन कोड नसतो, ती पाल पद्धतीची असते, आणि तिकडचे बरेचसे प्लेअर पाल घेत नाहीत. दुबईच्या काकांना तीच डिस्क सहज दिसते, न्यू जर्सीच्या आत्याला नाही.

आता या डिस्का दुरुस्त करण्याचं काम नव्या कामाइतकंच वाढतंय, आणि वेळ कमी आहे. एकेकाळी व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकून बाजार हलवणाऱ्या मोझर बेअरचं २०१८मध्ये दिवाळं निघालं. सोनीने राइट करायच्या ब्ल्यू-रे आणि मिनीडीव्ही कॅसेटींचं उत्पादन फेब्रुवारी २०२५मध्ये थांबवलं. ब्लँक मिळेल तोवर नवी डिस्क मारून देण्यापेक्षा गिऱ्हाइकाला पेनड्राइव्हवर एमपी४ देणं शहाणपणाचं, पण आधी डिस्कमधून माल बाहेर निघाला पाहिजे.

तो काढताना प्लेअरवर पुन्हा पुन्हा लावून बघण्याचा मोह आवरावा. डिस्क मऊ कपड्याने मध्यापासून कडेकडे पुसावी, गोल गोल कधीच नाही, आणि पहिल्याच फेरीत पूर्ण डिस्कची इमेज काढावी. विंडोजने सायक्लिक रिडन्डन्सीचा संदेश दिला की फाइल कॉपीचा नाद सोडून डीडीरेस्क्यू लावावं. ते वाचता न आलेल्या जागांची नोंद ठेवतं, तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली की फक्त राहिलेल्या जागा पुन्हा विचारतं. एका ड्राइव्हला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं, हे ज्यांनी करून पाहिलंय त्यांना सांगायला नको. म्हणून टेबलावर वेगवेगळ्या कंपन्यांचे निदान दोन जुने, डेस्कटॉपमध्ये बसणारे ड्राइव्ह असावेत. लॅपटॉपला यूएसबीने लावायचा पातळ ड्राइव्ह अशा कामात लवकर धापा टाकतो. कल्याण-उल्हासनगरकडच्या जुन्या कॉम्प्युटरच्या भंगारात सध्या तरी असे ड्राइव्ह किरकोळ किमतीत निघतात. घेताना दुकानदाराला वीज जोडायला सांगावं आणि सोबत नेलेली एक अडकणारी डिस्क तिथेच लावून पाहावी.