विश्लेषण : एफएम रेडिओ डिजिटल होणार, पण गावचे स्टेशन त्यात बसणार का?

मुंबईत गाडीच्या रेडिओवर ९१.१ लावा. पुढचे खासगी स्टेशन ९१.९ वर, त्यानंतर ९२.७, मग ९३.५ आणि ९४.३. दोन स्टेशनांमधले अंतर प्रत्येक वेळी ०.८ मेगाहर्ट्झ, म्हणजे ८०० किलोहर्ट्झ. एका एफएम स्टेशनला प्रत्यक्षात लागतात साधारण २०० किलोहर्ट्झ. उरलेली जागा शेजारच्या स्टेशनची खरखर आपल्या स्टेशनमध्ये घुसू नये म्हणून मोकळी सोडलेली. डिजिटल रेडिओचा वाद या मोकळ्या जागेत काय बसवायचे, याचा आहे. ते ठरवताना सगळे लक्ष मुंबई-दिल्लीकडे आहे आणि छोट्या स्टेशनांचा विचार शेवटी होतो आहे. माझा आक्षेप त्यालाच आहे.

नेमके काय ठरले आहे?

दूरसंचार नियामक प्राधिकरण अर्थात ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०२५ मध्ये खासगी डिजिटल रेडिओसाठी शिफारशी केल्या. सुरुवात १३ शहरांत करावी, असे त्यात म्हटले आहे : दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई ही चार महानगरे आणि ‘अ’ वर्गातली नऊ शहरे. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि नागपूर. एफएम बंद होणार नाही. आहे त्याच पट्टीत स्टेशनला एक जुना ॲनालॉग चॅनेल, तीन डिजिटल ऑडिओ चॅनेल आणि एक डेटा चॅनेल एकाच वेळी चालवता येईल. सध्याच्या स्टेशनांवर सक्ती नाही, ज्याला यायचे त्याने यावे. ॲनालॉग कधी बंद करायचे, हे नंतर ठरवायचे.

महत्त्वाची शिफारस अशी की, साऱ्या देशात तंत्रज्ञान एकच असावे. ते कोणते, हे ‘ट्राय’ने सांगितलेले नाही, निवड सरकारवर सोडली आहे. खरी गंमत इथे सुरू होते.

‘एचडी’, ‘डीआरएम’, ‘डॅब’ : फरक काय?

ध्वनीचा दर्जा हा यातला सर्वात कमी महत्त्वाचा फरक आहे. जाहिरातीत सगळ्यांचाच आवाज काचेसारखा स्वच्छ असतो. स्टेशनवाल्याला विचारायचे प्रश्न वेगळे : जागा किती लागते, ट्रान्समीटर कुणाच्या मालकीचा आणि ऐकणाऱ्याच्या हातात संच आहे का.

‘एचडी रेडिओ’ला अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली. त्यात एफएमचा सिग्नल मधोमध राहतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना सुमारे ७०-७० किलोहर्ट्झच्या डिजिटल पट्ट्या जोडल्या जातात, मोटारसायकलला दोन्हीकडे पिशव्या लटकवाव्यात तशा. स्टेशनचा पत्ता तोच राहतो. ९१.१ लावले की डिजिटल संचावर डिजिटल, साध्यावर साधे. सिग्नल तुटला की संच गुपचूप ॲनालॉगवर जातो. श्रोत्यासाठी हे फार सोयीचे आहे, मान्य करायला हवे. पण पिशव्या लावल्यावर एकूण रुंदी ४०० किलोहर्ट्झच्या आसपास जाते. मुंबईत ८०० चे अंतर आहे म्हणून हे निभावते. उद्या सरकारने अंतर कमी करून मधे नवी स्टेशने बसवायची ठरवली, तर धक्काबुक्की ठरलेली. शिवाय हे तंत्रज्ञान ‘एक्सपेरी’ या एका अमेरिकी कंपनीच्या हातात आहे. संच बनवणाऱ्याला तिचा परवाना घ्यावा लागतो.

आणखी एक बारीक गोष्ट, जी क्रिकेटवेड्या देशात लक्षात ठेवलेली बरी. डिजिटलवरून ॲनालॉगवर जाताना वाक्य मधेच तुटू नये म्हणून ‘एचडी’मध्ये ॲनालॉग आवाजही सुमारे आठ सेकंद मागे ठेवतात. वानखेडेवर बसून कानाला रेडिओ लावलेल्या माणसाला समोर उडालेला त्रिफळा आठ सेकंदांनी ऐकू येईल. अमेरिकेत बेसबॉलच्या थेट सामन्यांसाठी हा विलंब काढून टाकण्याची वेगळी सोय स्टेशनांना ठेवावी लागली.

‘डीआरएम’, म्हणजे ‘डिजिटल रेडिओ मोंडियाल’, एफएम पट्टीत फक्त ९६ किलोहर्ट्झ घेते आणि तेवढ्यात तीन ऑडिओ चॅनेल आणि थोडा डेटा बसवते. ते एफएमला चिकटून नसते, शेजारी वेगळे उभे राहते. मुंबईच्या हिशेबात ९१.३ ते ९१.७ ही मोकळी जागा धरा. तिथे ते आरामात मावते. एकाच ट्रान्समीटरवरून असे अनेक सिग्नल शेजारीशेजारी सोडताही येतात. याची नियमावली खुली आहे. पेटंटचे पैसे इथेही लागतात, पण पुढे काय करायचे ते एकटी कंपनी ठरवत नाही. आकाशवाणीने २०२१ मध्ये दिल्ली आणि जयपूरला एफएम पट्टीत याच्या चाचण्या घेतल्या.

तिसरे ‘डॅब प्लस’. युरोपात हेच चालते, पण ते वेगळ्या पट्टीत, १७४ मेगाहर्ट्झच्या वर. यात प्रत्येकाची स्वतःची गाडी नसते. दीड मेगाहर्ट्झच्या एका एसटीत पंधरा-वीस स्टेशने बसतात आणि एसटी चालवणारा वेगळाच असतो. ‘ट्राय’ने आपली एफएम पट्टीच निवडल्यामुळे ‘डॅब’ आपल्याकडच्या शर्यतीत जवळपास नाही. तरी छोट्या स्टेशनांसाठी खरा धडा तिथेच आहे.

नॉर्वेने एफएम बंद केले, म्हणजे काय केले?

‘नॉर्वेने २०१७ मध्ये एफएम बंद केले’ हे वाक्य प्रत्येक चर्चेत येते. ते अर्धेच खरे आहे. तिथे बंद झाली ती राष्ट्रीय स्टेशने. स्थानिक स्टेशने बहुतांश एफएमवरच राहिली, कारण त्या मोठ्या एसटीचे तिकीट त्यांना परवडणारे नव्हते. दरीतल्या चार गावांसाठी बोलणाऱ्याला अख्ख्या प्रदेशाच्या प्रक्षेपणाचे भाडे भरून काय मिळणार? स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकाने २०२४ च्या शेवटच्या दिवशी एफएम सोडले आणि त्यानंतर त्याचे श्रोते घटले.

ब्रिटनने मात्र वेगळी वाट काढली. ‘ऑफकॉम’ या नियामकातले अभियंते रशीद मुस्तफा यांनी मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आणि साधी स्वस्त यंत्रे वापरून छोट्या आवाक्याचे ‘डॅब’ करून दाखवले. २०१५ मध्ये दहा ठिकाणी चाचण्या झाल्या, २०१७ मध्ये कायदा झाला. आज तिथे गावपातळीवरची स्टेशने मिळून एक छोटा ट्रान्समीटर चालवतात. आपल्याकडच्या दूध सोसायटीसारखेच म्हणा.

म्हसवड, बारामतीचे काय?

सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ स्टेशन आहे, बारामतीला ‘वसुंधरा वाहिनी’. अशा स्टेशनांना १०० वॉटची मर्यादा आहे. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार त्यांना तासाला १२ मिनिटे जाहिरात करता येते आणि सरकारी जाहिरातीचा दर आहे दहा सेकंदांना ७४ रुपये. गणित करून पाहा : १२ मिनिटे पूर्ण भरली तरी तासाला ५,३२८ रुपये. बाराही मिनिटे रोज भरणारे जाहिरातदार माण तालुक्यात कुठून आणायचे? या उत्पन्नात नवा डिजिटल ट्रान्समीटर घ्यायचा, परवाने भरायचे आणि वर वीजबिल. कोल्हापूर, नाशिक, सोलापूरच्या खासगी स्टेशनांची अवस्था एवढी बिकट नाही. पण १३ शहरांच्या यादीत तीही नाहीत. आज मुंबईसाठी जे निवडले जाईल, ते उद्या त्यांना मुकाट्याने घ्यावे लागेल. एकच तंत्रज्ञान म्हटल्यावर दुसरा अर्थ निघत नाही.

म्हणून माझे मत ‘डीआरएम’च्या बाजूने आहे. ध्वनीसाठी नाही, जागा कमी लागते, नियम खुले आहेत आणि एका तालुक्यातली किंवा जिल्ह्यातली स्टेशने एकत्र येऊन ट्रान्समीटर वाटून घेऊ शकतात, यासाठी. मोठ्या शहरांतली खासगी स्टेशने एकाच मनोऱ्यावरून, सामायिक यंत्रणेतून प्रक्षेपण करतातच. तीच सोय खालपर्यंत न्यायची आहे.

मात्र ‘डीआरएम’वाल्यांनाही एक अडचणीचा प्रश्न विचारायला हवा. आकाशवाणीने मध्यम लहरींवर ‘डीआरएम’ ट्रान्समीटर उभारून दशक उलटले. तीन डझनांच्या आसपास ट्रान्समीटर आहेत. तुमच्या घरात, शेजाऱ्याकडे, कोपऱ्यावरच्या दुकानात एक तरी डीआरएम संच आहे? संच आहेत ते गाड्यांत, तेही लाखोंनी, पण मालकांना पत्ता नाही. त्यातल्या अनेकांना एफएम पट्टीतले ‘डीआरएम’ ऐकवायला सॉफ्टवेअर अपडेट पुरेल, असे समर्थक म्हणतात. सर्व्हिस सेंटरमध्ये ते अपडेट कोण आणि किती रुपयांत करून देणार, ते सांगत नाहीत.

फोनची गोष्ट याहून वाईट. साधा एफएम ऐकण्याची सोय अनेक कंपन्यांनी फोनमधून काढली किंवा बंद करून ठेवली; २०२३ मध्ये केंद्र सरकारला ती चालू ठेवण्याची सूचना करावी लागली. जिथे साधा एफएम टिकत नाही, तिथे डिजिटल रेडिओची चिप आपोआप येईल, हे मला पटत नाही.

तीन जादा चॅनेलवर वाजणार काय?

खासगी एफएमला आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीच्या जशाच्या तशा प्रसारित करता येतात. तासाला दहा मिनिटे बातम्यांची मुभा द्यावी, ही ‘ट्राय’ची शिफारस २०२३ ची. ती बाजूला ठेवून चॅनेल चौपट केले, तर तीच हिंदी गाणी चार ठिकाणी ऐकू येतील. मुंबईत एखाद्या स्टेशनाने जादा चॅनेल मराठीला दिला, पुण्यात एखाद्याने पाणीकपात आणि वाहतूक कोंडीला दिला, तर लोक संच शोधत जातील. हा निर्णय मात्र कुठल्याच तंत्रज्ञानात येत नाही.

तुम्ही आत्ता काय करावे?

डिजिटल रेडिओ संच विकत घेण्याची घाई करू नका. कोणते तंत्रज्ञान येणार हे ठरेपर्यंत पैसे वाया जाऊ शकतात. घरातला एफएम चालूच राहणार आहे. नवी गाडी घेत असाल तर स्टिरिओच्या सेटिंगमध्ये ‘डीआरएम’ हा पर्याय आहे का, ते शोरूममध्येच पाहून घ्या. विक्रेत्याला माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे, तेव्हा मेन्यू स्वतः उघडा.