दोन दगड कुठले? दगड एकच!

“एक धर, एक सोड, दोन दगडांवर पाय ठेवू नकोस!” पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने अणुगर्भ, मूलकण आणि महाकाय ताऱ्यांचे शास्त्र सोबतच शिकायचे म्हटले, की वडीलधारी मंडळी हाच उपदेश करतात. उपदेश मायेचा खरा, पण साफ चुकीचा. आणि हिंगोली जिल्ह्यात तर घातक.

औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, खर्च सुमारे २६०० कोटी. केंद्राची मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली. तिने टिपायचे काय? मोठे तारे मेल्यावर मागे राहिलेली कृष्णविवरे आणि न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात, तेव्हाची थरथर! न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याहून जड, पण जेमतेम पंचवीस किलोमीटर रुंदीचा गोळा. घनता अणुगर्भासारखी, पोटात त्याहूनही अधिक. याला तारा म्हणायचे की अणुगर्भ? उपदेशकांनीच सांगावे.

मोठ्या ताऱ्याची भट्टी लोखंडापाशी का विझते, हे नुसत्या दुर्बिणीला विचारून कळत नाही. लोखंडाचे गर्भ सांधून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्ची पडते. म्हणून गाभा सेकंदाच्या आत ढासळतो. १९८७ च्या फेब्रुवारीत अशा एका ताऱ्याच्या मरणाची वार्ता आली, तेव्हा जपानातील कामिओका खाणीतल्या पाण्याच्या टाकीत अकरा न्यूट्रिनो सापडले. टाकी बांधली होती प्रोटॉन फुटतो का ते पाहायला! उलट बाजूचा दाखला फ्रेड हॉइल यांचा. ताऱ्यांत कार्बन घडायचा तर त्याच्या गर्भाला अमुक एक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असे त्यांनी १९५३ मध्ये बजावले. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेने कुरकुरत शोधले, आणि ती मिळाली. कोल्हापुरात जन्मलेले आपले जयंतराव नारळीकर याच हॉइलांचे शिष्य.

लक्ष्मीपूजनाला पाटावर जे सोने मांडता, तसली जड मूलद्रव्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत घडतात, याच्या खुणा १७ ऑगस्ट २०१७ च्या लहरींनंतर मिळाल्या.

“पण पोटापाण्याचे काय?” हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर वेधशाळेच्या फाटकावर मिळेल. जमीन आपल्या जिल्ह्याची. आत बसून लहरींचा अर्थ लावणार कोण? अर्धेच शास्त्र शिकवून धाडलेली आपली मुले फाटकावर पहारा करतील, तेव्हा दोष त्यांना देऊ नका. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या महाविद्यालयांनी हे दोन्ही विषय एकाच वर्गात, एकाच फळ्यावर, येत्या वर्षापासूनच मांडावेत.